जुन्या प्रीअँपमध्ये ऑपअँप ऑसिलेट होतोय? आधी हे बघा

जुन्या प्रीअँपमधला ४५५८ हा ऑपअँप (सिग्नल वाढवणारा आयसी) काढायचा आणि त्याजागी वेगवान एलएम४५६२ ठोकायचा हा उद्योग बरेच जण करतात, आणि मग आवाज चरचरीत का येतोय, आयसीला बोट का लाववत नाहीये म्हणून डोकं धरून बसतात. आयसी डुप्लिकेट असेलही, पण पुष्कळदा तो ऑसिलेट होत असतो, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच सिग्नल तयार करत असतो. ४५५८ ची बँडविड्थ जेमतेम ३ मेगाहर्ट्झ, एलएम४५६२ ची ५५, आणि बोर्ड आखलेला त्या सुस्त आयसीसाठी. काय होणार दुसरं!

आधी खात्री करा. हे ऑसिलेशन बहुतेक वेळा मेगाहर्ट्झमध्ये असतं, कानाला थेट ऐकू येत नाही आणि साधा मल्टिमीटर एसी रेंजवर काही दाखवत नाही, त्यामुळे मीटरवर शून्य आलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. स्कोप (ऑसिलोस्कोप) लागतोच. इनपुट शॉर्ट करा, ड्युअल आयसी (एकात दोन ऑपअँप) असेल तर पिन १ आणि ७ हे आउटपुट बघा, आणि प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) ठेवा बरं का, कारण १एक्सवर प्रोब आणि केबलची मिळून साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स आउटपुटवर येते आणि धड चालणारा आयसीसुद्धा त्यानेच ऑसिलेट व्हायला लागू शकतो. स्कोप नसेल तर आउटपुटला डीसी मोजा, बोट जवळ नेल्यावर आकडा हलत असेल तर संशय घ्यायला जागा आहे.

पहिला इलाज म्हणजे ड्युअल आयसीच्या सप्लायच्या पिन ८ आणि ४ च्या मधे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, बोर्डच्या खालून थेट पिनांवर, पाय होतील तितके आखूड. निम्म्या केसेस इथेच मिटतात असं माझं मत. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक मूळचेच असतील तर तेही बदलून टाका.

तरी थांबलं नाही तर आउटपुटला सिरीजमध्ये ४७ ते १०० ओहम, पुढे लांब शिल्डेड वायर असेल तर हे हवंच. लाइन स्टेजला फीडबॅक रेझिस्टरवर १०-२२ पिकोफॅरडही चालतो. फोनो स्टेजला (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या) मात्र हे आंधळेपणाने करू नका, तिथे फीडबॅकमध्येच आरआयएए नेटवर्क (रेकॉर्डचा टोन सरळ करणारं सर्किट) असतं आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला गेन १ कडे घसरतो. एनई५५३४ (हा सिंगल ऑपअँप, पिनं वेगळी) तर ३ च्या खालच्या गेनला स्टेबलच नाही, त्याला पिन ५ आणि ८ मधे २२ पिकोफॅरड द्यावा लागतो.

एवढं करूनही ऐकत नसेल तर मुकाट्याने एनई५५३२ किंवा मूळचा ४५५८ लावा. आणि हे सगळं चेक होईपर्यंत पॉवर अँपला चांगले स्पीकर जोडू नका, ट्विटर कधी जळाला ते कळणारही नाही.