दर आठवड्याचा पराशा: एक ओळ शोधावी, एक काम करावं

मी म्हापशात राहते. बँकेतून निवृत्त झाले, आता आमच्या सोसायटीचे हिशेब बघते. माहेर अलिबागकडचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. गोव्यात आमच्या मंडळींची घरं विखुरलेली, त्यामुळे सामुदायिक वाचनाला लागतात ते दहा पुरुष जमवून सेफेर तोरा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडणं होत नाही. आम्ही घरीच मराठीतून पराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा भाग, वाचतो. भाचरं विचारतात, शेजारच्या बायका विचारतात, की इतक्या जुन्या ग्रंथातून रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असं काय मिळतं आणि ते शोधायचं कसं. माझी रीत सांगते. ज्यू नसलात तरी ती तुम्हाला चालेल.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. मराठी बायबलात ती उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी सुरुवातीलाच सापडतात. त्यांचे 54 भाग पाडले आहेत, एकेका भागाला पराशा म्हणतात, आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, शनिवारी सकाळी त्या आठवड्याचा पराशा वाचतात. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात सिम्हात तोराचा सण येतो. त्या दिवशी शेवटचा भाग संपवून लगेच उत्पत्तीचा पहिला अध्याय सुरू करतात. चालू आठवड्याचा पराशा कोणता आणि तो कुठल्या अध्यायापासून कुठवर, हे ज्यू पंचांगात मिळतं. मोबाईलवर शोधलंत तरी लगेच दिसेल. सुरुवात करायला सिम्हात तोराची वाट बघत बसू नका. आज जो पराशा चालू असेल तोच घ्या.

शनिवारच्या वाचनासाठी पराशाचे सात तुकडे केलेले असतात. रविवारी पहिला, सोमवारी दुसरा, असं रोज एक वाचलं की शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सातवा येतो. तुकडा लहान असतो, चहा गार व्हायच्या आत संपतो. मात्र मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचताना आपण नावांच्या याद्या आणि मोजमापं गाळून पुढे जातो, आणि कामाच्या गोष्टी पुष्कळदा तिथेच असतात.

मोठ्याने वाचण्यामागे माझं आणखी एक कारण आहे. मधली काही वर्षं सोडली तर 1560 पासून 1812 पर्यंत या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. ज्यू वंशाचे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. ते 1568 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या. आज पणजीला चर्चसमोरच्या बागेला त्यांचं नाव आहे. म्हणून मी पराशा खिडकी उघडी ठेवून वाचते.

वाचताना बोध शोधू नका. बोध शोधायला बसलं की आपल्याला आधीच पटलेलंच हाती लागतं. त्याऐवजी जिथे अडखळाल ती ओळ धरा: हे इथे कशाला सांगितलं आहे, असं जिथे वाटेल ती. मार्चमध्ये येणारा ‘पेकुदे’ घ्या. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, बांधून झाल्यावर निर्गमच्या 38व्या अध्यायात मोशे जमाखर्च मांडतो. वीस वर्षं आणि त्यावरच्या 6,03,550 पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल (हे तेव्हाचं वजन) चांदी दिली. कागदावर करून बघा, 3,01,775 शेकेल होतात. एक किक्कार म्हणजे 3,000 शेकेल, म्हणजे 100 किक्कार आणि वर 1,775 शेकेल. पुढे खर्च लिहिला आहे: 100 किक्कारांच्या, मंडपाच्या पायाशी बसवायच्या 100 बैठका ओतल्या, प्रत्येकीला एक किक्कार, आणि उरलेल्या 1,775 शेकेलांत खांबांच्या आकड्या आणि मढवण्याचं काम झालं. हिशेब शेकेलला शेकेल जुळतो. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला हे वाचून किती बरं वाटतं ते काय सांगू!

मी अडखळले ती जागा अशी, की या अध्यायात मोशेकडे हिशेब कोणीच मागितलेला नाही. तो आपणहून देतो. मोशेइतका विश्वासू माणूस आपणहून आकडे मांडतो, तर आमच्या सोसायटीने सभेची वाट का बघावी? आता मार्चअखेर आली की लिफ्टची दुरुस्ती, पाण्याचे टँकर, वॉचमनचा पगार, सगळी बिलं मी जिन्याजवळच्या फळ्यावर लावते. कोणी विचारायच्या आधी.

ओळ सापडली की तिचं काम ठरवा, आणि ते पुढच्या शब्बाथच्या आत संपेल एवढंच ठेवा. ‘मी उदार होईन’ हे काम नव्हे. कोणाला, काय, कुठल्या दिवशी, हे सांगता आलं तरच ते काम.

ऑगस्ट-सप्टेंबरात येणारा ‘की तेत्से’ यासाठी फार चांगला. त्यात नियमांची दाटी आहे आणि त्यातले कितीतरी नियम आजच्या घरात लागू पडतात. नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, कोणी पडलं तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. कर्ज दिलंस तर गहाण आणायला ऋणकोच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. आणि मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. गोव्यात हे दिवस चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आगेमागे येतात. घरोघरी रंगकाम चालू असतं, रंगारी पुष्कळदा कर्नाटकातले किंवा ओडिशातले. ‘चवथ झाली की बघू’ असं आपण किती सहज म्हणतो! त्याला मात्र त्याच संध्याकाळी तांदूळ घ्यायचे असतात. या ओळीचं काम सरळ आहे. रंगारी यायच्या दिवशी सकाळीच रोख काढून आणायची, सुट्या नोटांसकट, म्हणजे संध्याकाळी ‘सुटे नाहीत’ म्हणावं लागत नाही.

कंटाळवाणे पराशे टाळू नका. लेवीयचे मधले अध्याय आले की बरेच जण थांबतात: कातडीवरचे चट्टे, कपड्यांवरचे डाग, घराच्या भिंतीवर आलेले हिरवट-तांबूस डाग. पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी पुसणाऱ्या गोंयकारांनी तरी हा भाग सोडू नये. 14व्या अध्यायात याजक, म्हणजे पुरोहित, घर तपासायला येतो, पण आत पाऊल टाकण्यापूर्वी घर रिकामं करायला सांगतो. त्याने एकदा डाग बघून ‘अशुद्ध’ म्हटलं की आतलं सगळं अशुद्ध ठरणार. म्हणून आधी सामान बाहेर. अकराव्या शतकातले भाष्यकार राशी इथे म्हणतात, की देवाला माणसाच्या मातीच्या भांड्यांचीही काळजी आहे. बँकेत वसुलीच्या टेबलावर होते तेव्हा ही ओळ मी फार वापरली. नोटीस तर काढावीच लागायची, पण त्याआधी माणसाला बोलावून घ्यायचं, काय वाचवता येतं ते त्याच्यासोबत बसून बघायचं. वाईट बातमी तुम्हाला द्यायची असेल, डॉक्टर म्हणून, मुख्याध्यापक म्हणून किंवा मोठी बहीण म्हणून, तर हा अध्याय एकदा वाचा.

पूर्वजांच्या कथा वाचताना त्यांना सांभाळून घेऊ नका. आब्राहाम मिसरात (इजिप्तमध्ये) गेला तेव्हा जीव वाचवायला त्याने बायकोला, साराला, बहीण म्हणवलं. तेराव्या शतकातले मोठे भाष्यकार रांबान स्पष्ट लिहितात, की नकळत का होईना, आब्राहामने हे मोठं पाप केलं. हिवाळ्यात ‘वायेशेव’ येतो, त्यात याकोब आपल्या मुलांपैकी एकट्या योसेफाला खास झगा शिवतो. तालमूद, म्हणजे जुन्या ज्यू पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, म्हणतो, लेकरांत भेदभाव करू नये. दोन सेला (जुन्या काळचं नाणं) वजनाच्या लोकरीपायी भाऊ जळले आणि आपले पूर्वज मिसरात जाऊन पडले. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा निम्मा वाटा राखून ठेवलेला असतो, कायद्यातलं ठरावीक कारण असल्याशिवाय तो कोणी मृत्युपत्रानेही काढून घेऊ शकत नाही. पण झग्याला कायदा नाही. एका नातवाला वाढदिवसाला सायकल आणि दुसऱ्याला रंगपेटी, हे आपणच बघायचं असतं.

शुक्रवारी आमच्याकडे म्हापशाचा बाजार. तो आटोपून, संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आत, मी वहीत दोन गोष्टी लिहिते: या आठवड्याची ओळ आणि तिचं काम. शब्बाथला लिहीत नाही, म्हणून हे आधीच उरकायचं. जेवताना ती ओळ ताटावर बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवते आणि आपलं उत्तर सांगायच्या आधी त्यांना विचारते, सगळ्यांत लहानाला पहिल्यांदा. मुलं नको ते विचारतात आणि तेच हवं असतं.

ज्या आठवड्यात दोन पराशे जोडून येतात तेव्हाही ओळ एकच घ्या. काही आठवडे काहीच अडणार नाही. तेव्हा ओढूनताणून अर्थ काढू नका, वहीत पराशाचं नाव लिहून पुढची जागा मोकळी सोडा. वर्षाने तोच पराशा फिरून येईल तेव्हा आधी नव्याने वाचा, नवी ओळ लिहा आणि मगच गेल्या वर्षीचं पान उघडा.