चित्रपट-जतन शिकताना या चुका टाळा

चित्रपट-जतनाच्या विद्यार्थ्यांना स्कॅनरपर्यंत पोहोचायची घाई असते. नुकसान मात्र बहुतेक वेळा त्याआधीच, तपासणीच्या टेबलावर होतं.

डब्यावरच्या चिठ्ठीवर विसंबणं

डबे वर्षानुवर्षं अदलाबदल झालेले असतात, म्हणून फिल्मचा काठ वाचा. पण प्रिंटच्या काठावर ‘सेफ्टी’ (सहज पेट न घेणारी फिल्म) दिसलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. पारदर्शक काठावर काळी अक्षरं असतील तर ती त्याच फिल्मची. काळ्या काठावर पारदर्शक अक्षरं असतील तर ती निगेटिव्हवरून उतरली आहेत आणि हातातल्या प्रिंटबद्दल काहीच सांगत नाहीत. कोडॅकच्या जुन्या चौकोन-वर्तुळ-त्रिकोणाच्या खुणा साधारण दर २० वर्षांनी पुन्हा येतात. शिवाय त्या कच्ची फिल्म कारखान्यात कधी बनली ते दाखवतात, चित्रपट कधी बनला ते नाही.

१९५० च्या दशकाआधीची ३५ मिमी फिल्म, खात्री पटेपर्यंत, नायट्रेटच (सहज पेट घेणारी जुनी फिल्म) समजा. तुकडा जाळून पाहण्याची ‘चाचणी’ कधीही करू नका. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे पाण्यानंही विझत नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत शेकडो जुन्या चित्रपटांची नायट्रेट रिळं गेली. त्यातलं काही पुन्हा मिळणार नाही.

व्हिनेगर सिंड्रोम नाकानं मोजणं

व्हिनेगरसारखा आंबट वास आला म्हणजे ॲसिटेट (‘सेफ्टी’ प्रकारची) फिल्म कुजायला लागली, एवढंच कळतं. किती, हे नाक सांगत नाही, आणि ते आम्ल हुंगणंही बरं नव्हे. बंद डब्यात ए-डी पट्टी (आम्लानुसार रंग बदलणारा कागद) साधारण २४ तास ठेवा. निळी म्हणजे ०, पिवळी म्हणजे ३. १.५ च्या पुढं कूज स्वतःलाच वेग देते, म्हणून अशी रिळं थंडाव्यात आधी पाठवा आणि आधी स्कॅन करा. त्यांना गंजक्या लोखंडी डब्यातून काढून हवेशीर पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, निरोगी रिळांपासून लांब ठेवा. थंड खोलीतून आणलेला डबा लगेच उघडला तर इमल्शनवर (चित्र धरणाऱ्या थरावर) दव धरतं. सीलबंद पिशवीतच एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आकुंचन न मोजता रीळ यंत्रावर चढवणं

ही चूक सर्वांत महाग पडते. मोजणीला स्टीलची पट्टी पुरते. फिल्म सपाट टेबलावर न ताणता ठेवा आणि काठावरच्या एका छिद्राच्या कडेपासून पुढच्या शंभराव्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत मोजा. इथंच गडबड होते: १०० अंतरं हवीत, म्हणजे छिद्रं १०१. छिद्रंच १०० मोजलीत तर एक अंतर कमी भरतं आणि धडधाकट फिल्मही १ टक्का आकसलेली वाटते. ३५ मिमी प्रिंटवर १०० अंतरं ४७५ मिमी भरतात, ४७०.२५ मिमी भरली तर आकुंचन १ टक्का. अलीकडच्या निगेटिव्हची अंतरं मुळातच थोडी लहान, ४७४ मिमी असतात, तेव्हा तिला प्रिंटचं माप लावू नका. रिळाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. बाहेरचे वेढे बरेचदा जास्त आकसतात. ०.८ टक्क्याच्या पुढं प्रोजेक्टर टाळा. त्याहून आकसलेल्या फिल्मला दातेरी चाकं नसलेला स्कॅनर हवा, नाहीतर छिद्रं फाटत जातात.

जागा वाचवायला मास्टर बारीक करणं

मास्टर म्हणजे स्कॅनची मूळ, न दाबलेली फाइल. १०-बिट २के डीपीएक्सची (अशा फाइलचा एक प्रकार) एक फ्रेम सुमारे १२.७ एमबी, म्हणजे तासाला साधारण १.१ टीबी. हे गणित आधी करा. डिस्क भरली म्हणून एच.२६४ लाच (दाबून लहान केलेल्या व्हिडिओलाच) मास्टर मानणं म्हणजे जतन सोडून देणं. ओरखडे पुसणं, रंग उजळणं प्रतीवर करा. मास्टरमध्ये काठ आणि छिद्रंही दिसू द्या. एमडी५ चेकसम (फाइल बदलली का ते ओळखणारा आकडा) स्कॅन संपताच काढा, कॉपी केल्यावर नव्हे. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रीळ टाकू नका.

मूकपट सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं दाखवणं

३५ मिमीच्या १००० फुटांत १६,००० फ्रेम असतात. १६ च्या वेगानं त्यांना १६ मिनिटं ४० सेकंद लागतात, २४ च्या वेगानं ११ मिनिटं ७ सेकंद. तेवढ्यानं माणसं धावत सुटतात आणि प्रेक्षक नको तिथं हसतात. कॅमेरे हातानं फिरवलेले, त्यामुळे वेग रिळागणिक बदलू शकतो. चालणं, पाणी ओतणं, पडणारं कापड पाहून ठरवा. पडद्यावरची मजकुराची पाटी वाचायला किती वेळ मिळतो यावरून ठरवू नका, कारण आपल्याकडच्या मूकपटांत एका पाटीवर दोन-तीन भाषा असत.

नेहमीच्या २४ च्या डीसीपीसाठी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) १६ वर प्रत्येक दुसरी, १८ वर प्रत्येक तिसरी आणि २० वर प्रत्येक पाचवी फ्रेम दुप्पट करा. हे फक्त डीसीपीत, मास्टरमध्ये अजिबात नाही. चौकटही तपासा. मूकपटाचं चित्र पूर्ण रुंदीचं असतं. त्याला बोलपटाचं मास्क (चित्राच्या कडा झाकणारी चौकट) लावलं की डावीकडची पट्टी कापली जाते आणि कडेला उभा असलेला नट अर्धाच उरतो. ठरवलेला वेग आणि मास्क प्रोजेक्शनिस्टला लेखी द्या, आणि खेळाआधी एक रीळ त्याच पडद्यावर चालवून बघा.