जुन्या घड्याळाचं 'रेडियम' असं तपासा

आपल्याकडे अंधारात चमकेल ते सगळं रेडियम. रिक्षाच्या मागची पट्टीसुद्धा रेडियमच. चोरबाजारातला विक्रेताही तेच म्हणतो, "ओरिजिनल रेडियम आहे साहेब, बघा कसं चमकतंय." चमकतंय म्हटलं, की माझा हात खिशाकडे जातो. पाकिटाकडे नाही, टॉर्चकडे.

रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षांचं, पण त्याच्या माऱ्याने सोबतचं झिंक सल्फाइड, म्हणजे प्रत्यक्ष चमकणारी पूड, काही दशकांतच निकामी होतं. म्हणून १९५०च्या घड्याळाच्या डायलवरचा रेडियमचा खरा ठिपका किरणोत्सारी असतो, पण अंधारात मेलेला. १९६०च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनने घेतली. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, तेव्हा तोही आता आपणहून चमकत नाही. अशा डायलवर बहुधा सहाच्या खाली 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' असतो.

नोटा तपासायची यूव्ही टॉर्च घ्या, पांघरुणात शिरा, ठिपक्यावर दहा सेकंद धरा, मग बंद करून आकडे मोजा. जुनं ट्रिटियम उजळतं आणि काही सेकंदांत विझतं. रेडियमचे ठिपके बहुतेकदा जेमतेम प्रतिसाद देतात. पाच मिनिटं हिरवं चमकत राहिलं, तर तो नवा लेप: १९९३ साली जपानच्या नेमोटो कंपनीने काढलेल्या ल्युमिनोव्हाच्या जातीचा. मी एकदा कॉफीच्या रंगाचे सुंदर ठिपके बघून पैसे मोजले आणि रात्री पांघरुणात ते दिवाळीसारखे उजळले. रंग कुणीतरी कालवलेला होता. तेव्हापासून रंगावर माझा विश्वास नाही.

मग डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग. काट्यांतला लेप आणि डायलवरचा लेप हुबेहूब सारखा नसला तरी चालतो, पण काटे चॉकलेटी आणि ठिपके पांढरेशुभ्र असतील तर दोन्ही एका वयाचे नाहीत. रेडियमचं घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं, तर काटे जिथे थांबले तिथे डायलवर करपट सावली उमटते. ती सावली सध्याच्या काट्यांच्या आकाराशी ताडून बघा. जुळली नाही तर काटे बदललेले. विक्रेत्यांना हे विचारलेलं आवडत नाही, पण भाव मात्र उतरतो.

रेडियमचा ठिपका खरवडू नका, काचही घरी काढू नका. त्याची पूड श्वासातून आत गेली तर हाडांत जाऊन बसते. न्यू जर्सीच्या कारखान्यात ब्रशचं टोक ओठांनी निमुळतं करणाऱ्या मुलींचे १९२०च्या दशकात त्यापायी जबडे झडले. माझी तसली चार घड्याळं झोपायच्या खोलीबाहेरच्या कपाटात असतात, खिडकीजवळ.