कुंपणाला करवंद लावताना

बागेला बारमाही हिरवं आणि पाण्याचे लाड न मागणारं कुंपण हवं असेल, तर करवंद लावा. डोंगरउतारावरच्या मुरमात वाढणारं झुडूप ते. काळ्या जमिनीत पाणी साचलं तर मात्र रुसतं.

मे-जूनमधली पूर्ण पिकलेली, काळी करवंदं घ्या. गर खाऊन टाका (हा कामाचा सर्वांत बरा भाग), बी धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. करवंदाचं बी ठेवून चालत नाही, उगवण झपाट्याने घटते. रोपं सुरुवातीला फार सावकाश वाढतात, म्हणून ती पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर लावा, दोन ते तीन फुटांवर. पहिले एक-दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्या. नंतर दिलं नाही तरी चालतं.

खरी मेख छाटणीत आहे. रोप गुडघाभर झालं की शेंडा खुडा, नाहीतर वर पसारा आणि बुडाशी मांजर सहज शिरेल एवढी भोकं. पुढे दरवर्षी फळं उतरल्यावरच छाटा. थंडीच्या शेवटी छाटलंत तर फुलोरा गेलाच. हातमोजे जाड घ्या. काटे दुहेरी असतात आणि पांढरा चीक कपड्यांवरून सहजी निघत नाही.