ट्यूब अ‍ॅम्प घेताय? घरात तबला-तानपुरा खरा वाटायला हवा असेल तर या चुका टाळा

ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी अ‍ॅम्पच्या प्रेमात पडायचं आणि घरात असलेला स्पीकर त्याला कसातरी जोडायचा. आधी स्पीकर बघा हो! ३००बी ट्यूबचा सिंगल एंडेड (प्रत्येक बाजूला एकच पॉवर ट्यूब असलेला) अ‍ॅम्प साधारण ८ वॉटचा असतो, तो ८७ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ८७ डीबी आवाज देणाऱ्या) स्पीकरवर लावला तर नुसता तानपुरा सुंदरच लागेल, पण तबल्यावर जोरकस थाप पडली की अ‍ॅम्प दमतो, थापेची धार जाते, सगळं दबल्यासारखं होतं आणि आपण रेकॉर्डिंगला नावं ठेवतो. दर ३ डीबीला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे ९६ डीबीच्या स्पीकरवर ८ वॉटमध्ये जेवढा आवाज येतो तेवढाच ८७वाल्यावर काढायला ६४ वॉट हवेत. म्हणून साधे बुकशेल्फ स्पीकर असतील तर मी ईएल३४ ट्यूबचा पुश-पुलच (ट्यूब जोडीने काम करतात तो) घ्या म्हणेन, ३०-३५ वॉट मिळतात.

दुसरं, "ट्यूब म्हणजे गोडवा" हे डोक्यातून काढा. जास्त गोड अ‍ॅम्पवर तानपुऱ्याची जवारी बोथट होते, आणि जवारीच गेली तर उरलं काय? आपल्या ओळखीचं रेकॉर्डिंग घेऊन जा, आवाज खऱ्या तानपुऱ्याएवढाच ठेवा, मोठा नको, आणि तारेचा झणत्कार शेवटपर्यंत सुटा ऐकू येतो का बघा.

डग्ग्याचा घुमारा पसरट, सैल वाटत असेल तर लगेच ट्यूब बदलायला धावू नका. ८ ओहम (हा स्पीकरचा विद्युत अडथळा) लिहिलेला स्पीकरसुद्धा काही फ्रिक्वेन्सीला बराच खाली उतरतो, तेव्हा अ‍ॅम्प बंद करून वायर ४ ओहमच्या टॅपवर (मागच्या स्पीकर जोडायच्या टोकावर) लावून ऐका, बऱ्याचदा तेवढ्यानेच डग्गा घट्ट होतो.

हम, म्हणजे सततचा गुणगुणाट, येतोय? इनपुटची केबल काढा. हम गेला तर दोष बहुतेक ग्राउंड लूपचा (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचा), सेट-टॉप बॉक्स किंवा कॉम्प्युटर जोडलेला असेल तर आधी तिथे बघा. नाहीच गेला आणि एकाच बाजूने येत असेल तर अ‍ॅम्प बंद करून, गार झाल्यावर डाव्या-उजव्या बाजूच्या सारख्या ट्यूब आपसात बदला, हम दुसऱ्या बाजूला गेला की ट्यूब खराब. आणि १२एएक्स७ या छोट्या ट्यूबच्या जागी १२एयू७ बसते म्हणून लावू नका, पिना जुळल्या तरी १२एयू७चा गेन (सिग्नल वाढवायची ताकद) खूप कमी आहे.

जपानहून मागवलेला सेट १०० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३०ला लावू नका, आणि स्पीकर न जोडता तर अ‍ॅम्प कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि अख्ख्या अ‍ॅम्पमधला महागडा भाग तोच असतो.