खूणगाठ बांधण्याचा सराव: ठरवलेले काम वेळेवर आठवावे म्हणून

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून एखादे काम विसरू नये म्हणून बायका पदराला गाठ मारीत. संध्याकाळी ती गाठ हाताला लागे, काहीतरी करायचे राहिले आहे एवढे आठवे, आणि नेमके काय राहिले ते मात्र आठवत नसे. गाठ मारण्यात चूक नव्हती, पण त्या गाठीचा कामाशी संबंध जोडला गेलेला नसे. ‘मनाशी खूणगाठ बांधणे’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्यातली खूण कशी निवडावी आणि गाठ पक्की होण्यासाठी कोणता सराव करावा, हे येथे सांगायचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पाठ केलेली कविता आठवताना कोणीतरी ती म्हणायला सांगितलेली असते. सोसायटीचा हप्ता भरायचा आहे हे आठवताना मात्र विचारणारा कोणी नसतो. हातातले काम बाजूला सारून मनाने स्वतःच स्वतःला थांबवावे लागते. म्हणून कविता ज्या पद्धतीने पाठ होते, त्या पद्धतीने, म्हणजे ‘विसरायचे नाही, विसरायचे नाही’ असे घोकून, हे काम साधत नाही. शब्दकोडी सोडवूनही साधेल असे मला वाटत नाही. कोडी सोडवणारा मुख्यतः कोड्यांतच तरबेज होतो.

गाइल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये अशा कामांचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: काही कामे एखादी घटना घडली की करायची असतात, तर काही ठरावीक वेळ झाली की. कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करणे हे पहिल्या प्रकारचे काम आणि अर्ध्या तासाने गॅस बंद करणे हे दुसऱ्या. शिट्टी आपल्याला हाक मारते, अर्धा तास मारत नाही. यावरून पहिला नियम असा निघतो की वेळेचे काम शक्य तेथे घटनेच्या कामात बदलून घ्यावे. ‘रात्री नऊला गोळी’ असे न ठरवता ‘जेवणाचे ताट मोरीत ठेवले की गोळी’ असे ठरवावे. बेळगाव शहराच्या ज्या भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येते, तेथे पाणी सुटल्याचे कळावे म्हणून नळाची तोटी उघडी ठेवून खाली रिकामी घागर ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. पहिली धार घागरीत पडली की तिचा आवाज घरभर ऐकू येतो. घरात कोणी नसताना मात्र ती करू नये.

खूण ठरली की सरावाला लागावे. ‘जेव्हा अमुक घडेल, तेव्हा मी तमुक करीन’ असे नेमके वाक्य तयार करावे. पीटर गोलविट्झर यांनी 1999 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात अशा साध्या बेतांचा प्रभाव किती मोठा असतो ते मांडले आहे. परंतु वाक्य म्हणून थांबू नये. डोळे मिटून ती जागा पाहावी: मोरीचा कट्टा, हातातले ताट, शेजारच्या फळीवरची गोळ्यांची डबी, आणि डबीकडे जाणारा आपला हात. रक्तातील साखर घरीच तपासायला सांगितलेल्या वृद्धांवर 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांनी काही मिनिटे असे चित्र डोळ्यांपुढे आणले होते त्यांनी, नुसत्या सूचना घोकणाऱ्यांपेक्षा ते काम अधिक नियमाने केले. चित्र एकाच बैठकीत दहा वेळा पाहण्यापेक्षा रात्री निजताना, सकाळी उठल्यावर आणि घराबाहेर पडताना असे अंतर राखून पाहावे.

येथे आपल्या सीमाभागापुरती एक सूचना करावीशी वाटते. आपण बेत मराठीत करतो, पण कचेरीत किंवा दुकानात पुष्कळदा कन्नडमध्ये बोलतो. जे काम तेथे बोलून करायचे आहे, त्याचे वाक्य ज्या भाषेत बोलणार त्याच भाषेत म्हणून पाहावे. सराव प्रत्यक्ष क्षणाशी जितका मिळताजुळता, तितका तो त्या क्षणी कामाला येतो.

जुनी सवय वैरी होते ती नेहमीच्या रस्त्यावर. खानापूरहून रोज बेळगावला कामाला येणारा माणूस संध्याकाळी गणपत गल्लीतून काही न्यायचे ठरवतो आणि पाय मात्र त्याला थेट बसस्थानकावर नेऊन सोडतात. अशा एकवेळच्या कामाची खूण घरी पोहोचल्यावर दिसणारी नसावी. नेहमीची वाट जेथे सोडायची, तेथलीच असावी. त्या कोपऱ्यावरची एखादी पाटी निवडून तिच्याजवळ वळणारी आपली पावले मनात पाहावीत. मोबाईलचा गजरही काम करता येईल अशाच जागी आणि वेळी वाजावा. बसमध्ये उभे असताना वाजलेला गजर आपण बंद करतो आणि कामही तेथेच संपते.

काही कामांना मात्र घड्याळाशिवाय गत्यंतर नसते. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना भट्टीतले केक अर्ध्या तासाने काढायला सांगितले होते. घरी असलेल्या मुलांनी सुरुवातीला वरचेवर घड्याळ पाहिले, मग बराच वेळ पाहिले नाही आणि वेळ जवळ येताच पुन्हा वरचेवर पाहिले. पहिल्या काही नजरांतून वेळेचा अंदाज बसतो आणि मधला वेळ मोकळा मिळतो. बासुंदी आटवताना हाच क्रम मुद्दाम पाळून पाहावा.

रोजच्या कामाची सवय किती दिवसांत जडते? लंडनमधील 96 जणांच्या एका अभ्यासात मध्यम आकडा 66 दिवसांचा निघाला, पण व्यक्तीगणिक तो 18 ते 254 दिवस इतका बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले. तेव्हा एकवीस दिवसांच्या लोकप्रिय हिशेबावर विसंबू नये.

सवय पक्की झाली की उलटीच अडचण उभी राहते: काम हातून आपोआप होते आणि मग गोळी घेतली की नाही हेच आठवत नाही. 2009 मध्ये मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नेहमीच्या कृतीला एक हात डोक्यावर ठेवण्यासारखी वेगळी हालचाल जोडली, तर वृद्धांकडून तेच काम चुकून दुसऱ्यांदा होण्याचे प्रमाण कमी होते. हे विचित्र दिसते, म्हणूनच लक्षात राहते. संकोच वाटत असेल, तर गोळी घेताना ‘आज गुरुवारची घेतली’ असे वार घेऊन मोठ्याने म्हणावे, किंवा सात वारांचे खण असलेली डबी आणावी; रिकामा खण वाद मिटवतो. तरीही शंका राहिली, तर अंदाजाने दुसरी गोळी घेऊ नये; अशा वेळी काय करायचे ते प्रत्येक औषधाबाबत डॉक्टरांना आधीच विचारून डबीच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवावे.