जिओथर्मल लीजचं दहावं वर्ष: काम झालं म्हणजे मुदतवाढ मिळाली असं नाही

अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवरचं जिओथर्मल लीज (जमिनीखालची उष्णता वापरण्याचा भाडेकरार) दहा वर्षांचं असतं, पुढे पाच आणि पुन्हा पाच वर्षं वाढवता येतं, हे नेवाडात या क्षेत्रात नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुण्या-मुंबईहून भूशास्त्र शिकून इकडे आलेल्यांच्या टेबलावर ‘लीज डिलिजन्स’ची, म्हणजे लीज टिकवण्यासाठी केलेल्या कामाच्या हिशेबाची, फाइल बहुतेक वेळा पहिल्याच वर्षी येऊन पडते, कारण वरिष्ठांना ती कारकुनी वाटते. ती कारकुनी नाही. चांगला उष्ण जलसाठा हाती असलेलं लीजसुद्धा फक्त कागद वेळेवर न गेल्याने संपतं. त्यामुळे ही फाइल हातात आली की आधी ४३ सीएफआरचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय नियमसंग्रहाचा, ३२०७ हा भाग स्वतः वाचा. काही पानंच आहेत. कुणी तयार करून दिलेल्या सारांशावर विसंबू नका.

सुरुवात तारखेपासून. लीज ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, म्हणजे सार्वजनिक जमीन सांभाळणाऱ्या बीएलएम या सरकारी खात्याने, सही केल्यानंतरच्या महिन्याच्या १ तारखेला लागू होतं. १ ऑक्टोबर २०१६ला लागू झालेल्या लीजचं दहावं वर्ष ३० सप्टेंबर २०२६ला संपतं. कंपनीचं आर्थिक वर्ष आणि कॅलेंडर वर्ष इथे कामाचं नाही. तारीख आणि क्षेत्रफळ दोन्ही बीएलएमच्या एमएलआरएस या ऑनलाइन नोंदप्रणालीतून घ्या, ऑफिसातल्या जुन्या एक्सेलमधून नको. मध्ये लीजचा काही भाग सोडून दिला असेल तर एकर बदललेले असतात.

मग रक्कम. पहिल्या दहा वर्षांत मिळून एकरी किमान ४० डॉलर अशा कामांवर खर्च व्हायला हवेत ज्यांतून भूगर्भाची किंवा जलसाठ्याची नवी माहिती मिळते: भूशास्त्रीय अभ्यास, तापमान-प्रवणता विहिरी (खोलीनुसार तापमान किती वाढतं ते मोजणाऱ्या), कोअर ड्रिलिंग (खडकाचे अखंड नमुने काढणं), भूरासायनिक आणि भूभौतिक सर्वेक्षण, उत्पादन विहिरी किंवा पाणी परत आत सोडणाऱ्या इंजेक्शन विहिरी, जलसाठ्याची चाचणी. एकराचा अपूर्णांक पूर्ण एकर धरायचा. लीज २,५५९.३७ एकर असेल तर हिशेब २,५६०चा, म्हणजे १,०२,४०० डॉलर. अकराव्या ते पंधराव्या वर्षात दरवर्षी एकरी १५ डॉलर (याच लीजला ३८,४००) आणि सोळाव्या ते विसाव्या वर्षात एकरी २५ (६४,०००). आकडे सुधारले जाऊ शकतात, त्यामुळे हिशेबाच्या दिवशी चालू नियमातलाच आकडा घ्या. काम कमी पडलं तर फरक रोख भरता येतो. खर्च आणि भरणा मिळून रक्कम पूर्ण झाली की चालतं.

हे वाचून घाबरायला होतं, पण रक्कम तशी आवाक्यातली आहे. एक पूर्ण आकाराची उत्पादन विहीर खोदली तर ती कितीतरी पटींनी ओलांडली जाते. अडचण पैशांची नसते.

अडचण इथे आहे, आणि ती नीट समजून घ्या. खर्च केला म्हणजे तो जमा झाला, असं होत नाही. दहावं वर्ष संपण्यापूर्वी सविस्तर अहवाल द्यावा लागतो. बीएलएमने कामाचा प्रकार आणि दाखवलेला खर्च दोन्ही मान्य केले, तरच ते तुमच्या खात्यात धरले जातात. अहवाल दहाव्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गेला तर निर्णय मुदतीत येणं जवळपास अशक्य. ‘अहवाल तर दिलाय, तपासणी चालू आहे, म्हणजे लीज सुरक्षित आहे’ असं गृहीत धरलं जातं, आणि तिथेच घात होतो. नियमात संरक्षण आहे: निर्णय प्रलंबित असेल तर मुदत संपण्याच्या लगेच आधीपासून लीज निलंबित करून, म्हणजे मुदत तिथेच थांबवून, घेता येतं. पण ते तुम्ही विनंती केली तरच. आपोआप काहीही होत नाही. म्हणून अहवालाबरोबरच एक वेगळं, एका परिच्छेदाचं पत्र जोडा: मुदतीपूर्वी निर्णय झाला नाही तर ३२०७.११ नुसार लीज निलंबित करावं, ही विनंती. निर्णय लवकर आला तर पत्राने काहीच बिघडत नाही. निलंबनानंतर काम पुरेसं ठरलं तर निर्णयानंतरच्या महिन्याच्या १ तारखेपासून पाच वर्षांची वाढ सुरू होते, अपुरं ठरलं तर निलंबन उठतं त्याच दिवशी लीज संपतं. पत्र तुम्हाला वेळ देतं, कमी पडलेला खर्च भरून काढत नाही. म्हणूनच नेमकी ४० डॉलरची बेरीज दाखवू नका. एखादं बिल नाकारलं गेलं तर तुम्ही लगेच किमान मर्यादेखाली जाता. खर्च भरपूर जास्त दाखवा, नाहीतर संशयास्पद बाबींइतकी रक्कम आधीच भरून टाका.

नाकारलं काय जाऊ शकतं? वकिलाची फी, लीजचं भाडं, ऑफिसचा खर्च यांतून जमिनीखालची माहिती मिळत नाही, ते घालूच नका. रस्ता, ड्रिल पॅड, पर्यावरण अभ्यास यांबद्दल ‘बीएलएमने मान्य केलेली इतर कामे’ या कलमाखाली आधी लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. सर्वेक्षण शेजारच्या तीन लीजवर पसरलेलं असेल तर बिल तीनदा लावायचं नाही. मॅग्नेटोटेल्युरिक (जमिनीची विद्युतवाहकता मोजणारी) किंवा गुरुत्व मोजणारी स्टेशनं कुठल्या लीजवर किती, त्या प्रमाणात खर्च वाटा आणि नकाशा जोडा.

अहवालात प्रत्येक कामाचा प्रकार, जागा, तारखा, डॉलरमधली रक्कम आणि मिळालेली सगळी भूशास्त्रीय माहिती हवी. जागा टाउनशिप-रेंज-सेक्शनसह, म्हणजे अमेरिकी भूमापनाच्या चौकटीतल्या क्रमांकांसह, द्या. फक्त बिलांचा गठ्ठा पाठवणं हा कन्सल्टंट लोकांचा आवडता शॉर्टकट आहे, आणि त्यानेच परत प्रश्न विचारणारं पत्र येतं. लिथॉलॉजी लॉग (खोलीनुसार खडकांची नोंद), तापमान लॉग, प्रयोगशाळेचे मूळ रिपोर्ट, स्टेशनांचे को-ऑर्डिनेट्स सगळं द्या. गोपनीय पानांवर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर ती गोपनीय धरली जातीलच असं नाही.

तापमान-प्रवणता विहिरींबाबत उशीर फार महागात पडतो. ड्रिलिंगच्या चिखलाने भोक थंड झालेलं असतं, त्यामुळे लगेच घेतलेला लॉग खरं तापमान दाखवत नाही. काही आठवडे थांबून पुन्हा लॉग घ्यावा लागतो. वर सेज ग्राउस पक्ष्याच्या हंगामाचे निर्बंध आणि डोंगरातला बर्फ. शोधकामाच्या परवानगीचा ३२००-९ फॉर्म आठव्या वर्षात गेला तर हे सगळं बसतं. काम संपल्यावर ३० दिवसांत पूर्णत्वाची नोटीसही द्यायची असते. त्या नोटिसा वेळेवर गेल्या असतील तर दहाव्या वर्षाचा अहवाल अर्धा तयारच असतो. घाई असली तरी हे जमतं, मात्र क्रम चुकवू नका.

मार्गदर्शक शोधताना मुख्य भूशास्त्रज्ञाकडे नंतर जा. बीएलएमच्या पत्रांना उत्तरं लिहिलेला, कंपनीच्या लँड विभागातला (लीज सांभाळणारा) माणूस आधी गाठा. उष्णता कुठे आहे हे सांगणारे बरेच भेटतात, कुठलं बिल टिकेल हे सांगणारे मोजकेच.

मुदतवाढ मिळाली की हिशेब दरवर्षी द्यायचा. एका वर्षी जास्त खर्च झाला तर तो त्याच पाच वर्षांतल्या पुढच्या वर्षांत वापरता येतो, पण वाढीच्या पहिल्या पाच वर्षांतली शिल्लक दुसऱ्या पाचांत नेता येत नाही. म्हणजे मोठी विहीर पंधराव्या वर्षाच्या शेवटी खोदली तर तिचा फायदा तिथेच संपतो. शक्य असेल तर ती अकराव्या किंवा सोळाव्या वर्षात घ्या. भाडं याहून वेगळं: अकराव्या वर्षापासून एकरी ५ डॉलर, वार्षिक तारखेला किंवा आधी, ऑफिस ऑफ नॅचरल रिसोर्सेस रेव्हेन्यू या वेगळ्या सरकारी कार्यालयाकडे. कामाऐवजी भरायची रक्कम मात्र बीएलएमकडे जाते. दोन्ही रक्कम एकाच ठिकाणी पाठवल्या तर एक बाकी राहते. प्रत्येक भरण्यावर लीजचा सिरियल नंबर लिहा आणि दोन्ही पावत्या त्याच दिवशी केस फाइलला लावा.